सहा महिन्यांचं माहेर

खोर फक्कान, १२ जानेवारी १९९४

श्रीमंत सौभाग्यवती मृणालिनीराजे देवखिंडकर यांच्या सेवेशी,

दचकू नकोस. मीच आहे, विलासकाका. तुझं हे सासरचं नाव एकदा तरी सबंध लिहून बघावं म्हणून लिहिलं, तर अर्धी ओळ त्यातच गेली. यापुढे पाकिटावर मृणालिनीराजे, आतल्या कागदावर सुमेधा. शुक्रवारच्या शुक्रवारी माझ्यासमोर बसून 'रामः रामौ रामाः' म्हणताना जांभया देणाऱ्या मुलीला मृणालिनी म्हणायचं तर मला आणखी दोन-तीन जन्म घ्यावे लागतील.

साहेब, म्हणजे तुझे वडील, अजून लग्नातून बाहेर आलेले नाहीत. ज्या धक्क्यावर पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी बोटींना कांदे-बटाटे विकायला सुरुवात केली, त्याच धक्क्यावर काल एका फिलिपिनो कॅप्टनला त्यांनी तुझा अल्बम दाखवला. "माय सन-इन-लॉ. किंग." कॅप्टननं विचारलं, "किंग ऑफ व्हॉट?" साहेब माझ्याकडे वळले. "पंडितानू, सांग रे तेका." मी सांगितलं, "फॉर्मर." कॅप्टन बहुधा 'फार्मर' समजला, कारण त्यानं लगेच पीकपाण्याची चौकशी केली.

हसलीस ना? हस. तिकडे हसायची परवानगी कुणाकडून घ्यावी लागते ते कळव.

माझ्या मंगलाष्टकांचं कौतुक तुझ्या सासूबाईंनी, आईसाहेबांनी, केलं असं तू फोनवर म्हणालीस. करणारच. देवखिंडकरांच्या अकरा पिढ्या मी शार्दूलविक्रीडितात बसवल्या. साहेबांच्या, म्हणजे आचरेकरांच्या, बाजूला तिसऱ्या पिढीपलीकडे मला नुसत्या होड्याच सापडल्या, त्यांचं मी 'नौकाधिपती' केलं. संस्कृतचा हाच उपयोग आहे बघ, काही खोटं न बोलता माणूस उंच करता येतो. आता खरं सांगायचं तर दोन्ही घराणी अधांतरीच. त्यांच्याकडे नाव आहे, पण राज्य केव्हाच गेलेलं, आणि एकाहत्तर सालापासून तनखाही. आपल्या साहेबांकडे सगळं आहे, पण ज्या जमिनीवर उभे आहेत तिथं कफिलाची, म्हणजे इथल्या अरब जामीनदाराची, सही नसेल तर तीन वर्षांवर एक दिवसही उभं राहता येत नाही. दोघांनी एकमेकांना धरलं. मधे तू.

आता कामाचं. तुझा व्हिसा मी तू सांगितल्याप्रमाणे जिवंत ठेवला आहे. लग्न झालेल्या मुलीला बापाच्या व्हिसावर राहता येत नाही, म्हणून तू आजपासून आपल्या पेढीत 'ग्रंथपाल' आहेस. पेढीत ग्रंथ दोनच, एक माझा शब्दकोश आणि दुसरी टेलिफोन डिरेक्टरी, तेव्हा कामाचा ताण पडू नये. नियम तेवढा लक्षात ठेव. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलीस की व्हिसा मेला. तू इथं जन्मलीस, इथंच शाळेत गेलीस, तरीही. म्हणून दर सहा महिन्यांनी एकदा इथल्या मातीला पाय लावून जायचं. लोकांचं माहेर वर्षाकाठी असतं, तुझं सहामाही.

आणि तो कागद. नोकरीला लागतानाच नोकरी सोडल्याचा कागद सही करून द्यायचा, ही आपल्या पेढीची रीत. सगळ्यांनी दिलाय, मीही दिलाय, साहेबांच्या खणात गठ्ठा आहे. तू सही करताना विचारलंस, "काका, डेट?" मी म्हटलं, "तारीख मोकळी ठेवायची असते." तू म्हणालीस, "दॅट्स क्रीपी." अगं, रीत आहे. ती तारीख कुणी कधी भरत नाही. बाकी त्या कागदावर तू मराठीत सही केलीस याचाच मला जास्त आनंद. बारा वर्षं शिकवल्याचं फळ ते, एक सही.

आंदणातले बारा एअर कंडिशनर नीट पोचले का?

तुझा,
विलासकाका


दुबई, ३ ऑक्टोबर १९९५

चि. सुमेधा,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो. साजिदा, आपली टायपिस्ट, विचारायला लागली, "पंडितजी, खैरियत?" तिला हैदराबादी हिंदीत कसं समजावणार, की देवखिंडच्या बंगल्यात विजेचा दाब इतका कमी आहे की बारापैकी एकही एअर कंडिशनर चालत नाही, आणि आईसाहेबांच्या खोलीतल्या एसीत बुलबुलानं घरटं केलंय. समजावलं. ती म्हणाली, "चलो, किसी के तो काम आया."

तू लिहितेस की विलायती पाहुण्यांना बंगला दाखवायचं काम तुझ्याकडे आलंय, तुझं इंग्रजी चांगलं म्हणून. दिवसातून तीनदा नऊवारी नेसून 'धिस इज द दरबार हॉल' म्हणायचं. आणि शेवटी पाहुणे तुझाच फोटो काढतात. चांगलं आहे की. राणीनं राज्य दाखवावं, हे योग्यच. राजे कुठं असतात ते लिहिलं नाहीस. घोड्यांच्या शर्यतीचा मोसम संपला असेल ना आता? मी सहज विचारतो. त्यांचं नाव 'विघ्नेश', म्हणजे विघ्नं हरणारा की विघ्नांचा मालक, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. लग्नाआधी विचारायला हवं होतं, पण तेव्हा मी छंद जुळवत होतो.

मे महिन्यात आलीस तेव्हा विमानतळावर साहेबांना म्हणालीस, "आय ॲम फाइन, बाबा." मला म्हणालीस, "आहे." मी 'कशी आहेस' विचारलं होतं, त्याचं उत्तर 'आहे'. मी व्याकरणाची चूक काढली नाही, त्याची नोंद घे.

बाळंतपणाच्या आत, म्हणजे नोव्हेंबरात, एकदा पाय लावून जा. आठवा महिना लागला की विमानवाले घेणार नाहीत. साहेब मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगत होते, "राजाक नातू होतलो." मी म्हटलं, "साहेब, नात झाली तर?" म्हणाले, "तर राजकन्या. पंडितानू, तुका काय जाता रे, तू आपलो श्लोक कर."

करतो.

विलासकाका


दुबई, २० नोव्हेंबर १९९७

सौ. सुमेधास,

पत्र पोचलं. मजकूर समजला.

संसारात असे प्रसंग येतात. केयाला आईसाहेब आपल्या खोलीत झोपवतात आणि तुला विचारून भेटावं लागतं, हे तुला जाचत असेल, पण मोठ्या घरांत मुलं अशीच वाढतात. पाहुण्यांदेखत राजांचा हात उठला, हे वाईट झालं. राग ओसरला की त्यांनाही पटेल. ते बंगलोरला ज्या बाईंकडे राहतात त्याविषयी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये.

'व्हिसा जिवंत ठेवा, मी केयाला घेऊन येते ती परत न जाण्यासाठी, बाबांना मात्र इतक्यात सांगू नका,' असं तू लिहितेस. अशा गोष्टी पत्रातून ठरत नाहीत. सोबत तुझ्यासाठी काल एक श्लोक रचला आहे, तो रोज एकदा वाचावा.

दीपः प्रकाशयेद् गेहं यत्र न्यस्तः स सादरम् ।
न पश्येत् तं करं भूयो येनासौ ज्वालितः पुरा ॥

दिवा जिथे आदरानं ठेवला, ते घर त्यानं उजळावं. ज्या हातानं तो लावला, त्या हाताकडे पुन्हा वळून पाहू नये.

अनुष्टुभ आहे, पाठ करायला सोपा.

विलास


दुबई, २ मार्च १९९८

चि. सुमेधा,

काय लिहू.

चौदा फेब्रुवारीला मी विमानतळावर होतो. तुझं विमान उतरल्याचं फलकावर दिसलं, म्हणून ट्रॉली घेऊन उभा राहिलो. दाराच्या अगदी समोर, म्हणजे केयाला मी दिसलो असतो. तुझ्या विमानातली माणसं आली, त्यांच्या मागून दुसऱ्या विमानातली आली, तिसऱ्या विमानातली आली. आत काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. व्हिसा पासपोर्टवर दिसतो, पण संगणकात रद्द झालेला. कसं झालं कोण जाणे. हल्ली सगळं संगणकावर गेलंय, अशा चुका होतात. मी चौकशी करतोय.

चौदा तास तू तिथंच बसलीस, दोन वर्षांच्या पोरीला घेऊन, आणि तिथल्या तिथूनच परतीच्या विमानात. काचेच्या अलीकडे मी आणि पलीकडे तू, मधे फार तर दोनशे पावलं. मी तुझ्यासाठी सँडविच पाठवायचा प्रयत्न केला. घेऊन जायला कुणी तयार होईना.

साहेबांना तू येणार हे माहीत नव्हतं. म्हणजे, माझ्याकडून तरी नाही. त्यांना तू बेत केल्याचं कुठून कळलं कोण जाणे, पण कळलं होतं. ते म्हणाले, "राजाघरची सून माहेराक येऊन बसली तर मंडळात तोंड खय दाखवू?" त्यांच्यापुढे कोण बोलणार, तू तरी कधी बोललीस?

फोनवर तू म्हणाली होतीस, "काका, चौदाला येते." मी म्हटलं, "ये." ते मी मनापासून म्हटलं होतं.

दोन ओळी तरी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील, इंग्रजीत असल्या तरी चालतील.

विलासकाका


दुबई, ९ सप्टेंबर २००१

सुमेधा,

साडेतीन वर्षांत हे आठवं पत्र. पहिली सात परत आली. पाकिटावर कुणीतरी सुबक मराठीत 'येथे राहत नाहीत' लिहितं. तूच लिहीत असशील तर अक्षर सुधारलंय. दुसरं कुणी लिहीत असेल तर मग तू कुठं आहेस?

हेही परत येणार, म्हणून यात लिहिता येईल असं वाटतं. गुपित सांगायला बंद पाकिटासारखी जागा नाही.

साजिदा नोकरी सोडून हैदराबादला परत गेली. जायच्या दिवशी सगळ्यांना मिठाई वाटली. माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "पंडितजी, एक बात बोलूँ? उस दिन मैंने सारा फॉर्म टाइप कर दिया था. बस डेट नहीं डाली. मैंने कहा था ना, वो आप खुद लिखेंगे. मेरे हाथ से नहीं." मी म्हटलं, "याद है." म्हणाली, "अच्छा है, याद रखिए." आणि मला पेढा दिला.

तर संगणकाची चूक नव्हती. तू सही केलेला तो कागद खणातून बाहेर निघाला आणि त्यावर तारीख पडली, ३ डिसेंबर १९९७. माझ्या अक्षरात. माझे आकडे तू ओळखशील, नऊच्या शेपटीला मी देत असलेल्या वळणाला तू हसायचीस. साहेबांचा हुकूम होता. "खलास कर," म्हणाले. नोकरानं काय करायचं असतं?

मी तुला कळवू शकलो असतो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. तुझा फोन आला तेव्हाही, 'सुमेधा, निघू नकोस', एवढे तीन शब्द. मी 'ये' म्हटलं, कारण 'येऊ नकोस' म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि कुठंतरी असंही वाटत होतं की काउंटरवरच्या माणसाचं लक्ष नसेल, तो शिक्का मारून मोकळा होईल. तुला वाचवण्याचं काम मी एका अनोळखी शिपायाच्या गाफिलपणावर सोपवलं आणि ट्रॉली घेऊन उभा राहिलो.

नावापुढचं 'काका' मी हल्ली पत्राखाली लिहीत नाही, हे लक्षात आलं असेल. अर्थात पाकीट उघडलंस तर.

विलास


दुबई मरीना, २३ मार्च २००४

सुमेधा,

हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर पाठवतोय. पत्ता माझ्या मनालीनं दिला. ती तिकडे नोकरीला आहे, कोथरूडच्या बसथांब्यावर तिनं तुला ओळखलं. तू तिला कॉफी पाजलीस म्हणे. शाळेत इंग्रजी शिकवतेस, केयाला घेऊन वेगळी राहतेस, देवखिंड सोडून चार वर्षं झाली. हे सगळं मनालीकडून. ती फोनवर म्हणाली, "बाबा, शी इज सो स्वीट. तुम्ही कधी तिच्याबद्दल बोललाच नाहीत."

तू तिला काहीच सांगितलं नाहीस. ते समजायला मला दोन दिवस लागले. त्यानंतर हे पत्र लिहायला घेतलं.

साहेबांना जानेवारीत झटका आला. उजवी बाजू गेली, दृष्टीही जवळपास गेली. मरीनात एकविसाव्या मजल्यावर नवी जागा घेतली होती, तिथं खिडकीशी पडून असतात. क्रेनचा आवाज ऐकून विचारतात, "किती मजले झाले रे?" मी आकडा सांगतो. गेल्या आठवड्यात म्हणाले, "पंडितानू, चेडवाक बोलव." मी म्हटलं, "ती येणार नाही, साहेब." तर म्हणाले, "तू लिव. तुझ्या लिवण्यान सगळी येतत."

सोबत तुझे आणि केयाचे व्हिजिट व्हिसे आहेत, साठ दिवसांचे. यायचंच असं नाही. मला सांगितलं म्हणून पाठवले, आणि हे मी नोकरी म्हणूनच लिहितोय असं समज.

यापुढचं नोकरी म्हणून नाही.

तू सत्याण्णवच्या नोव्हेंबरात लिहिलेलं पत्र साहेबांना मीच दाखवलं. कुठून कळलं कोण जाणे, असं तुला लिहिलं होतं ना? माझ्याकडून कळलं. पेढीत आलेला प्रत्येक कागद सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवायची वीस वर्षांची सवय. तुझं पत्र पेढीच्या पत्त्यावर आलं, माझ्या नावानं. मी उघडलं, वाचलं, 'बाबांना सांगू नका' हेही वाचलं, आणि बाकीच्या टपालाबरोबर ठेवून दिलं. तासभर मला वाटत होतं की बाप आहे, पाझरेल. तुझी बाजू मी मांडण्यापेक्षा तुझ्या अक्षरानं मांडावी. असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते संस्कृतात सांगितल्यासारखं छान वाटलं.

त्यांनी पत्र वाचलं. खण उघडला. दोन कागद काढले, शेजारी शेजारी ठेवले. एक तुझा, एक माझा. दोन्हींवर तारीख मोकळी. म्हणाले, "खयच्या कागदावर घालूया, तां तूच ठरव." रागानं नाही म्हणाले. भाजीवाल्याला दोन गड्ड्यांतली एक निवडायला सांगावी, तसे.

मनाली तेव्हा बारावीत होती, शारजाच्या शाळेत. तिचा व्हिसा माझ्यावर, माझा पेढीवर. परीक्षेला तीन महिने होते. हे कारण म्हणून लिहीत नाही. हिशेब काय होता ते तुला कळावं म्हणून लिहितो. त्या पोरीला तू कॉफी पाजलीस.

एक दुरुस्तीही करायची आहे. तो श्लोक मी तुला पाठवला, तेव्हा हे सगळं होऊन दोनच दिवस झाले होते. निवड झालेली होती. तू व्हिसा मागितलास आणि मी श्लोक पाठवला, आणि त्याचं वृत्त निर्दोष आहे याची रात्री दोनदा खात्री केली.

सोबत तारीख घातलेल्या कागदाची प्रत जोडली आहे. वकिलाला दाखवायची असेल तर दाखव.

विलास


दुबई मरीना, ९ जून २००४

सुमेधा,

तुझं पाकीट पोचलं. व्हिशांची मुदत मागच्या महिन्यात संपली, तू येणार नाहीस हे मला आधीच माहीत होतं. पाकिटात काय असेल याची मात्र कल्पना नव्हती.

आतून वहीचा एक रेघी कागद निघाला. वर काही नाही. मी उजेडात धरून पाहिला, मागची बाजू पाहिली. खाली उजव्या कोपऱ्यात सही. जिथं त्या नोकरी सोडल्याच्या कागदावर केली होतीस, बरोबर त्याच जागी. मराठीत.

समजायला वेळ लागला नाही. पंडित असलो तरी.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. कोरा कागद, खाली सही, आणि मी पत्रलेखक. वीस वर्षं मी तेच करत आलोय. एका मिनिटात माझ्या डोक्यात सगळं तयार झालं. 'ती. बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार. झालं गेलं विसरले. केया तुमची आठवण काढते.' शेवटी एखादा श्लोक. साहेबांना दिसत नाही, मी वाचेन ते त्यांचं पत्र. म्हातारा सुखानं गेला असता, आणि मी तुझ्या वतीनं क्षमा केली असती. त्यांना करता करता थोडी मलाही.

पेनाचं टोपण काढलं होतं मी.

मग टोपण लावलं आणि आत गेलो. नर्सला म्हटलं, खुर्ची जरा जवळ घे. साहेबांना सांगितलं, "सुमेधाचं आलंय."

त्यांनी डावा हात पुढे केला. मी कागद हातात दिला. ते तो बोटांनी चाचपत राहिले, जुन्या व्यापाऱ्यानं कापड चाचपावं तसे. मग म्हणाले, "वाच रे. काय लिवल्यान?"

"सही आहे, साहेब."

"तां कळला. वर काय लिवल्यान?"

"वर काही नाही."

खाली कुठल्यातरी इमारतीत ड्रिल चालू होतं. त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"आडनाव खयचा घातल्यान? तेंचा काय आमचा?"

"आडनाव नाही. नुसतं सुमेधा."

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी उठलो, तेवढ्यात त्यांनी माझ्या बाहीला धरलं.

"आणि तारीख?"

मी म्हटलं, "मोकळी आहे, साहेब."

त्यांनी बाही सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. रीत त्यांचीच होती.

कागद त्यांनी उशीखाली ठेवलाय, मला परत देत नाहीत. रोज सकाळी चहाच्या आधी काढतात आणि वाचायला लावतात. मी वाचतो. आहे तेवढंच वाचतो.

विलास